पारा, पाव आणि वरची चिमूट

मित्रांनो, आधी नीट बसा. पाठ खुर्चीला टेकवा. दोन्ही पाय जमिनीवर. पायावर पाय नको. बाही वर करा. हात टेबलावर ठेवा, छातीच्या उंचीला. आणि बोलू नका. माझ्यासमोर जो बोलतो त्याचा आकडा चढतो, मग तो नुसता हवापाण्याबद्दल का बोलेना.

बसलात? आता सांगतो.

मी एक जुना रक्तदाबमापक आहे. झाकण उघडले की उभी राहणारी काचेची नळी, नळीत पारा, दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा आणि दाबायचा रबरी फुगा. एवढाच माझा संसार.

हवा भरताना

माझा जन्म एका लांबट खोलीत, खिडकीशी मांडलेल्या बाकावर झाला. तिथे बसणारी बाई नळ्यांत पारा भरायची. पारा म्हणजे काय चीज आहे ते तिला विचारा. धातू असून वाहतो. पाण्यासारखा दिसतो, पण काही ओला करत नाही. सांडला तर शंभर गोळ्या होऊन शंभर दिशांना पळतो, आणि त्याची वाफ विषारी. म्हणून ती हातमोजे घालून, तोंडाला फडके बांधून काम करायची. माझी नळी भरून झाली तेव्हा ती फडक्याआडून म्हणाली, "चढत जा बाबा. पण वर बसून राहू नकोस."

मग तिने पट्टा स्वतःच्याच दंडाला बांधला आणि फुगा दाबला.

मित्रांनो, त्या क्षणी मला पहिल्यांदा माणूस कळला.

वरून दिसते ती कातडी. आत नदी आहे. मी पट्टा आवळत गेलो, आवळत गेलो, आणि ती नदी थांबली. मग बाईने हळूहळू हवा सोडली. मी एक एक रेघ उतरू लागलो. आणि अचानक, ठक! अडवलेल्या रक्ताने दार ढकलून आत पहिले पाऊल टाकले होते. ठक, ठक, ठक. मग आवाज मऊ झाला आणि थांबला. मी घाबरलो. वाटले, संपले सगळे. पण तसे नव्हते. दाबलेल्या वाटेतून जाताना रक्त आवाज करते. वाट पूर्ण मोकळी झाली की ते गुपचूप जाते. पहिला ठोका माझा वरचा आकडा, आणि जिथे शांतता होते तो खालचा.

हे सगळे चालवतो कोण? एक मूठभर स्नायू. पारा किती जड असतो ते उचलून पाहिलेल्यालाच कळेल. माझ्या नळीत पाऱ्याऐवजी पाणी असते, तर निरोगी माणसाच्या एका ठोक्याच्या जोरावर ते जवळजवळ माणसाच्याच उंचीइतके चढले असते. एका ठोक्यावर! आणि असा ठोका तुम्ही झोपलेले असताना, भांडत असताना, गणित चुकत असताना, त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसताना पडतच असतो.

मला आजही याची सवय झालेली नाही.

रोखून धरताना

माझी सगळी नोकरी एका गल्लीत झाली. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आणि त्याला लागून एक बेकरी. मधली भिंत एकच. भट्टी पेटली की दवाखान्याची ती बाजू ऊबदार व्हायची, आणि तपासायला आलेले रोगी थंडीत तिला पाठ लावून बसायचे.

डॉक्टरीणबाईंनी माझे फार लाड केले. मला दुसऱ्या कोणाच्या हाती देत नसत. "हा तोंड पाहून आकडा सांगत नाही," असे म्हणत. किती दंड आले माझ्या मिठीत! हमालाचा लाकडासारखा दंड. शिवणाऱ्या बाईचा, टाचण्यांनी टोचलेला. एका म्हाताऱ्याचा, इतका बारीक की पट्टा दोनदा फिरवावा लागायचा, पण आतले ठोके असे ताठ, की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, रहस्य काय?" तो म्हणाला, "बायको रोज भाजीला धाडते आणि रोज काहीतरी विसरून परत धाडते."

आणि मग एक दंड आला पिठाने माखलेला.

पाववाल्याला त्याची मोठी बहीण मनगटाला धरून घेऊन आली होती. बेकरीचा गल्ला ताई सांभाळायची. गल्ली तिला ताईच म्हणायची.

"डॉक्टर, याला बांधा. पट्टा पुरत नसेल तर दोरी आणते."

"ताई, गिऱ्हाईक खोळंबलंय गं."

"खोळंबू दे. बाबांच्या वेळेलाही गिऱ्हाईकच खोळंबलं होतं."

यावर त्याने बाही वर केली. गोष्ट गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक होती. त्यांचे वडील एका सकाळी भट्टीच्या तोंडाशीच कोसळले होते, हातात पाव भाजायचा पत्रा घेऊन. छाती जड वाटते म्हणून कित्येक दिवस सांगत होते. उद्या बघू, आज गर्दी आहे, असे चालले होते. वय बावन्न. त्यांच्या आधी आजोबाही साधारण त्याच वयात गेले. आणि पाववाला आता पन्नाशीला आला होता.

मी चढलो. डॉक्टरीणबाईंनी हवा सोडायला सुरुवात केली आणि पहिला ठोका फार लवकर आला. फार वरच्या रेघेवर. थोडे थांबून त्यांनी पुन्हा मोजले. तिथेच.

"पण मला काही होतच नाही," पाववाला म्हणाला. "डोकं दुखत नाही, चक्कर नाही. मैद्याची पोती एकटा उचलतो."

"तेच तर. हा आजार आधी कळवून येत नाही. दुखलं असतं तर तुम्ही स्वतःच्या पायांनी आला असतात."

"डॉक्टर, खरं सांगू? आमच्याकडे हे ठरलेलं आहे. आमची हृदयं पन्नाशीपुरतीच येतात."

डॉक्टरीणबाई चष्मा काढून म्हणाल्या, "घराण्यातून काही येतं, मी नाही म्हणत नाही. म्हणून तुम्ही इतरांपेक्षा जास्त जपायचं. पण भट्टीशेजारचं ते स्टूल, ज्यावर तुम्ही दिवसभर बसता, तेही रक्तातून आलं का? आणि मागच्या दारातली सिगारेट?"

"स्टूल बाबांचं आहे," तो अपराध्यासारखा म्हणाला. "सिगारेटही त्यांच्याच ब्रँडची."

गोळी सुरू झाली. पण ती तो वाटेल त्या दिवशीच घ्यायचा. ताईच्या लक्षात आले तेव्हा ती भिंतीपलीकडे इतकी ओरडली, की इथे वजनकाट्यावर उभा असलेला रोगी खाली उतरला.

"गोळी काय पावावरचं लोणी आहे? वाटलं तर लावलं, नाहीतर कोरडंच खाल्लं?"

मध्येच एक अंधारी जागा

डॉक्टरीणबाईंची आई आजारी पडली. दवाखान्याला कुलूप लावून त्या कितीतरी महिने तिच्याकडे राहिल्या. मी कपाटात.

अंधार. माझ्या पट्ट्यात एका झुरळाने घर केले. रबर कडक होऊ लागले. चढणे नाही, उतरणे नाही. भिंत गरम व्हायची, गार व्हायची, तेवढ्यावरून कळायचे की पलीकडे अजून पाव भाजले जातात. म्हणजे तो अजून उभा आहे. मी रोज त्या उबेची वाट पाहायचो.

हवा सोडताना

त्या परत आल्या. आल्या आल्या त्यांनी मला झटकले, नवे रबर लावले, पिशवीत घातले आणि बेकरीत शिरल्या. ताईने गरम पाव पुढे केला. डॉक्टरीणबाईंनी घास घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"पाव बदललात का हो तुम्ही?"

"बदलला? आमचा पाव?" पाववाला स्टुलावरून उठलाच. "डॉक्टर, आजोबांच्या वाटीनं मीठ पडतं इथं. ही बघा, हीच वाटी."

"खारट लागतोय. खूपच."

"तुम्हीच रोज न्यायच्या की दोन!"

"नेत होते," त्या म्हणाल्या. त्या स्वतःच कोड्यात पडल्या होत्या. "तिकडे आईबरोबर इतके महिने कमी मिठाचं जेवले. माझी जीभच बदलून गेली बहुतेक. वाटीनंतर काय करता तुम्ही?"

"वाटीनंतर? चव बघतो. बास."

मित्रांनो, आता नीट ऐका, कारण सगळी गोष्ट इथे आहे. या बेकरीचा आजोबांपासून एक रिवाज होता. मालकाने मळलेल्या पिठाचा कण जिभेवर ठेवून मान डोलावल्याशिवाय पीठ भट्टीत जायचे नाही. पाववाला मागच्या दारात सिगारेट ओढून यायचा, धुराने बधिर झालेल्या जिभेवर कण ठेवायचा आणि म्हणायचा, "किंचित कमी वाटतंय." मग वरून एक चिमूट. मीठ घालता येते, पण पिठातून काढता येत नाही. म्हणून ती चिमूट कधी खाली आलीच नाही. जीभ त्या चवीला सरावायची, मग पुढची चिमूट. तोच पाव गल्ली रोज खायची, म्हणून गल्लीची जीभही त्याच्याबरोबर सरकत गेली. कोणालाच कळले नाही. सगळे एकाच होडीत बसले की होडी सरकतेय हे कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी ताईने एक घाणा फक्त वाटीच्या मिठाचा काढला. तिघांनी चाखला.

"हा पाव आहे की उशी?" पाववाला म्हणाला.

"मी या गल्लीत नवीन आले तेव्हा जवळजवळ असाच मिळायचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ताईने दुसरा घास घेतला. मग तिसरा. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "आजोबांचा आहे हा. मी शाळेत न्यायचे तो."

पाववाला हातातल्या पावाकडे पाहत राहिला. "म्हणजे बाबांनीही... आणि मग मी... सगळ्या गल्लीला..."

"मुद्दाम नाही केलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाही वर करा."

मैद्याच्या पोत्यावर हात ठेवून तो बसला. मला त्याचा दंड ठाऊक होता. पण त्या दिवशी तो पहिल्यांदाच मापताना एक शब्द बोलला नाही. आकडा तरीही वरच होता. मला उतरावेसे वाटत होते. पण मी माझ्या मनाने उतरत नाही.

"बावन्न व्हायला किती राहिलं मला?" त्याने विचारले. उत्तर तिघांनाही येत होते.

रेघ, रेघ, रेघ

त्याला मीठ त्याच दिवशी निम्मे करायचे होते. ताईने वाटी काढून घेतली.

"एकदम फिका केलास तर उद्या सगळी गल्ली पलीकडच्या चौकात पाव घ्यायला जाईल, तूही त्यांच्या मागं जाशील. चोरपावलांनी वर गेलं ना? चोरपावलांनीच खाली आणायचं."

तेव्हापासून मिठाचा डबा ताईच्या ताब्यात आला. पाववाल्याला चव घ्यायला बंदी. ती थोडेसे मीठ कमी करायची, मग जीभ सरावेपर्यंत थांबायची, मग आणखी थोडेसे. फुग्याची किल्ली सैल करून हवा सोडतात ना, अगदी तसे. फार झपकन सोडली की ठोका निसटतो.

पहिल्याच आठवड्यात गल्लीतला शिंपी पाव हातात घेऊन दारात थांबला. चावला. थांबला. "ताई, पाव आज जरा..."

ताईचा हात गल्ल्यावर थांबला. भट्टीशी पाववाल्याने श्वास रोखला.

"...जास्तच गरम आहे. दुहेरी कागदात द्या की."

पाववाल्याचे स्टूल माळ्यावर गेले. घरोघरी पाव पोचवायचे काम आता तो करू लागला, पायी. सुरुवातीला कोपऱ्यापर्यंत जाऊन धापा टाकत यायचा. "पाव पोचवला की पावानं तुला पोचवलं?" ताई विचारायची. पुढे तो टेकाडावरच्या घरांपर्यंत जाऊ लागला, आणि मग टोपली रिकामी झाली तरी एक चक्कर उगाच मारून यायचा. जेवणात भाज्या वाढल्या. दुपारची झोप आणि भट्टीमुळे होणारे रात्रीचे जागरण यांची डॉक्टरीणबाईंनी नीट घडी बसवून दिली. गोळी रोज, ताईच्या डोळ्यांदेखत, जीभ बाहेर काढून दाखवायची.

सिगारेट मात्र चिवट निघाली. सोडली, धरली, पुन्हा सोडली. एकदा तो पोत्यांच्या मागे सापडला.

"भट्टीचा धूर निदान चिमणीतून बाहेर जातो," ताई म्हणाली. "तुझा आत. चिमणीला तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

त्याला हसू आले. हसता हसता खोकला आला, आणि खोकता खोकता त्याने ती विझवली. ती शेवटची नव्हती. पण शेवटची पुढे कधीतरी आली.

आणि मी? दर आठवड्याला डॉक्टरीणबाई मला घेऊन बेकरीत यायच्या. आधी काहीच हलले नाही. "डबा बिघडलाय," पाववाला वैतागून माझ्याकडे बोट दाखवायचा. मला राग आला नाही. घाबरलेला माणूस आरशालाच दोष देतो. डॉक्टरीणबाईंनी गोळी थोडी बदलली आणि म्हणाल्या, "चालत राहा."

मग एक दिवस पहिला ठोका एका रेघेने खाली आला.

एक रेघ! तुम्हाला ती दिसलीही नसती. पुढे आणखी एक. आणखी एक. मित्रांनो, मी वर चढताना आयुष्यभर पाहिले आहे. घाई, धूर, मीठ, राग, बैठक, सगळे मला वर ढकलतात. पण कोणी माणूस रोजच्या लहानसहान गोष्टींनी मला इतक्या सावकाश खाली आणेल, आणि खालीच ठेवेल, हे मी पाहिले नव्हते. कसलाही चमत्कार न होता हे होत होते, आणि मी आ वासून पाहत होतो.

एका दुपारी पाववाला टेकाडावरून धावतच आला. वाटेत कोणीतरी वाटीभर सूप दिले होते.

"ताई! खारट लागलं मला! त्यांना नाही लागलं, मला लागलं!"

बक्षीस मिळाल्यासारखा नाचत होता. त्याची जीभ घरी परत आली होती.

आणि गल्ली? गल्लीला कोणी काही सांगितलेच नाही. शिंपी, शिवणारी बाई, हमाल, सगळे तोच पाव खात राहिले आणि त्याचीच वाखाणणी करत राहिले. सगळ्यांचे आकडे बदलले असे मी म्हणणार नाही. मला खोटे बोलता येत नाही. पण दवाखान्यात एकेका दंडावर पहिला ठोका थोडा उशिरा, थोडा खाली येऊ लागला, आणि डॉक्टरीणबाई ठोके ऐकायची नळी कानातून काढून भिंतीकडे पाहून हसू लागल्या.

ज्या दिवशी काही झाले नाही

सकाळी भट्टी पेटली. पहिला घाणा उतरला. पाववाल्याचे बोट भाजले, तो ओरडला, बोट पाण्यात बुडवले. टोपली घेऊन गेला. परत आला. कुठल्याशा घरच्या कुत्र्याने पोटरी हुंगली म्हणून कुरकुरला. जेवला. एका पोत्याला भोक पडले होते, ते शिवले. दुपारचे पाव उतरले. शिंपी येऊन उधारीवरून उगाच भांडून गेला. दोघांनी मिळून भट्टी झाडली.

डॉक्टरीणबाईंनी आदल्या दिवशी मला बेकरीतल्या फळीवर ठेवले होते, म्हणून मी सगळे पाहिले. ताईही पाहत होती. ती दिवसभर त्याच्यावरून नजर हलवत नव्हती. सुट्टे पैसे चुकीचे देत होती. तो भट्टीच्या तोंडाशी पत्रा ओढायला वाकला, की ती अर्धी उठायची. तो सरळ झाला, की बसायची.

संध्याकाळी दुकानाच्या दाराला फळ्या लावल्या आणि ताई मैद्याच्या पोत्यावर बसून रडायला लागली.

"अगं, काय झालं?"

"काही नाही झालं." ती आणखीच रडू लागली. "काहीच नाही झालं रे."

त्याला कळेना. तिने नाक पुसले. "बाबा गेले तेव्हा जेवढ्या दिवसांचे होते, तेवढा तू काल झालास. आज तू बाबांपेक्षा मोठा झालास."

त्याने भाजलेल्या बोटाकडे पाहिले, मग भट्टीकडे. मग हळूच म्हणाला, "मग आता मला अहो म्हणशील?"

"मेल्या," ताई म्हणाली, आणि पिठाने भरलेल्या हाताने त्याच्या पाठीत एक जोरदार रट्टा घातला. त्याच्या सदऱ्यावर पांढरा पंजा उमटला. तसाच तो घरी गेला.

तळाशी

आता दवाखान्यात बटण दाबले की आकडा दाखवणारे नवे यंत्र आले आहे. चांगले आहे. त्याच्यात विष नाही. माझी नळी कधी फुटली तर माझा पारा माणसांना, पाण्याला, मातीला अपाय करेल. म्हणून डॉक्टरीणबाईंनी मला भंगारात टाकले नाही. पारा जिथे सुरक्षित काढून घेतात तिथे त्या मला पाठवणार आहेत. तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल तर त्यालाही असेच पाठवा. माझ्यासाठी रडू नका.

रडायचेच असेल तर ताईसारखे रडा. कारण कोसळलेला माणूस सगळ्यांना दिसतो. न कोसळलेला कोणाला दिसत नाही. त्याच्यासाठी गर्दी जमत नाही, कोणी धावत येत नाही. असे किती दिवस तुमच्या घरावरून रोज गुपचूप वाहत जातात, तुम्ही मोजलेत का कधी?

उद्या सकाळी तुमच्या घरात कोणीतरी कुरकुर करेल. एक चप्पल सापडत नाही म्हणेल, गुडघ्याचे कारण सांगेल, आभाळाचे कारण सांगेल. त्याचे काही ऐकू नका. हाताला धरून त्याला बाहेर काढा, आणि बरोबर चाला. तो घाम पुसत परत येईल, पंखा लावेल, भूक लागली म्हणून स्वयंपाकघरात डोकावेल. बस्स, एवढेच होईल.

एवढेच व्हावे म्हणून मी जन्मभर चढलो आणि उतरलो.